आई, मला कावीळ झाली नव्हती

आई, कावळा लगेच शिवला.

गुरुजींनी पिंड ठेवला, चार पावलं मागे सरकले, आणि आम्ही नीट उभेही राहिलो नव्हतो तोवर तो आला, घास घेतला आणि उडालासुद्धा. प्रकाशा गावी, तापीच्या काठावर सगळ्यांनी हात जोडले. शेजारच्या शांताकाकू म्हणाल्या, "काही आस ऱ्हायनी नही बाई. सुखमा गई." बाबांनी उपरण्यानं डोळे पुसले. तुमच्या लेकानं, रवीनं, सुस्कारा सोडला. आणि मी, तुमची एकुलती एक सून, तिथं उभी राहून त्या कावळ्यावर अशी चिडले की काय सांगू. आस राहिली नाही? कशी राहिली नाही? तुम्हाला अजून काही माहीतच नव्हतं, तर तुमचं समाधान झालं कसं?

मला दिवस गेलेत, आई. तिसऱ्यांदा.

खरं तर पोटुशी बाईनं घाटावर यायचं नसतं. तुम्हीच सांगितलं असतं, घरी बस म्हणून. पण रवी सोडून कोणाला ठाऊकच नव्हतं, मग मला थांबवणार कोण? तुमचाच नियम, तीन महिने कोणाला सांगायचं नाही. त्या नियमामुळे मी तुमच्या दहाव्याला नदीवर उभी होते. बघा आता काय करायचं ते.

मला अजून पटत नाही हो. सकाळी उठते, चहाला आधण ठेवते आणि तुमचा कप काढते. तुम्ही गेलात त्या दिवशीही काढला होता. तुम्ही ओट्यावर बसून मिरचीचे देठ मोडत होतात. पुढ्यात लाल ढीग, डोक्यावरून पदर, नाकाला पदराचंच टोक. मी मदतीला बसायला गेले तर तुम्ही हात आडवा केलात. "मिरचीजोडे नको बठू. ठसका लागी तुले. चहा ठेव वं." मी आत गेले. आलं किसलं, दूध ओतलं, गाळलं. किती वेळ लागतो हो चहाला? बाहेर आले तर तुम्ही भिंतीला टेकून बसलेल्या, डोळे अर्धे उघडे, हातात एक मिरची, देठ अर्धा मोडलेला. मी म्हटलं, "आई, चहा." परत म्हटलं, "आई, चहा घ्या ना." मग कप पडला. नंदुरबारच्या डॉक्टरनं सांगितलं, हृदय बंद पडलं, दवाखान्यात आणण्याआधीच संपलं होतं. तुम्हाला कधी साधी धाप लागलेली मी पाहिली नाही. आदल्या दिवशी तुम्ही शेतातून पपईचं क्रेट उचलून आणलं होतं, आणि मी हात लावायला गेले तर केवढ्या ओरडलात माझ्यावर.

तेच तर माझ्या डोक्यातून जात नाही. क्रेटला हात लावू दिला नाहीत, मिरचीजवळ बसू दिलं नाहीत. तुम्हाला कळलं होतं का? की नेहमीसारखंच आपलं ओरडणं होतं? रवीला विचारलं तर तो म्हणतो, "मायले सगळं समजे." मग बोलल्या का नाहीत? आणि समजत नव्हतं, तर मी का नाही बोलले? दोघी एका ओट्यावर, आणि दोघींच्या तोंडाला कुलूप.

आपलं भांडण याच्यावरूनच तर होतं. मी म्हणायचे, लपवल्यानं काय होतं? राहायचं ते राहतं, जायचं ते जातं. तुम्ही म्हणायच्या, "लोकसनी नजर वाईट ऱ्हास." मी म्हणायचे, माझ्या पार्लरमध्ये रोज वीस बाया माझ्याकडे बघतात, भुवया कोरताना डोळ्यात डोळे घालून बघतात, त्यांची नजर लागायची तर माझं दुकान कधीच बसलं असतं. तुम्ही हसायच्या आणि परत तेच, "तीन महिना पोटमाच ठेव."

पहिल्या वेळी ठेवलं होतं ना पोटात. आणि गेलं तेही पोटातल्या पोटातच. सकाळी डाग दिसला, दुपारी कंबर फाटायला लागली, संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. मी न्हाणीत बसून रडत होते आणि तुम्ही दाराबाहेरून पहिला प्रश्न काय विचारलात? "जयू, खरं सांग. पपई खादी का तू?"

खाल्ली होती हो. आपल्याच शेतातली, पिकलेली, दोन फोडी. पपई पिकवणाऱ्याच्या घरात राहून पपई खायची नाही म्हणजे हलवायाच्या घरी उपास. दिवस राहिल्यापासून तुम्ही मला शेतात पाऊल टाकू देत नव्हता, तोडणीच्या गाडीपाशीसुद्धा उभं राहू देत नव्हता, वास लागेल म्हणून. आणि मी गुपचूप दोन फोडी खाल्ल्या. तुमच्या त्या एका प्रश्नानं मी आठवडाभर मेल्यासारखी पडून होते. मीच मारलं, असं धरून बसले. अंगावरून जातच होतं, मग ताप भरला, मग घाण वास यायला लागला, तरी मी काही बोलले नाही. मला वाटलं, केलंय ते भोगायचंच.

तुम्हीच कपाळाला हात लावलात आणि तुमचं तोंड उतरलं. रवी मुंबईकडे माल घेऊन गेलेला. तुम्ही रस्त्यावर जाऊन पपईचीच एक पिकअप अडवलीत, मला पुढे बसवलंत, स्वतः माझ्या बाजूला अंग चोरून. ड्रायव्हर म्हणाला, "काय व्हयनं वहिनीले?" आणि तुम्ही डोळ्याची पापणी न हलवता म्हणालात, "कावीळ."

तिथून सुरू झाली आपली कावीळ.

नंदुरबारच्या त्या डॉक्टरीणबाई आठवतात ना, केस कापलेल्या, तुम्ही ज्यांना 'भाऊ' म्हणाल्या होतात? पिशवीत थोडं अडकून राहिलंय, त्यानंच जंतू झालेत, म्हणाल्या. पिशवी साफ केली, सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली. मग त्यांनी तुम्हालाच झापलं. "एवढे दिवस काय बघत होतात? गेल्यानंतर थोडे दिवस अंगावर जाणं ठीक आहे. पण कपडे भिजायला लागले, ताप आला, वास आला, चक्कर आली, तर घरात बसायचं नाही. जीव जातो बाईचा." तुम्ही मान खाली घालून ऐकून घेतलंत. आपल्या गावात, रनाळ्यात, तुम्हाला असं कोणी बोललं असतं तर त्याची सात पिढ्यांची पूजा झाली असती.

आणि मग तुम्ही विचारलंत. मला वाटलं होतं विचारणार नाही. "पपईमुळं झालं का?" शुद्ध मराठीत, शाळेतल्या पोरीसारखं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कच्च्या, चिकाच्या पपईपासून लांब राहा म्हणतो आम्ही, पण पिकलेल्या दोन फोडींनी काही होत नाही. सुरुवातीच्या महिन्यांत जातं ते बहुतेकदा गर्भ तयार होतानाच त्याच्यात काहीतरी कमी-जास्त झालेलं असतं म्हणून. तिनं काही केलं म्हणून नाही, नाही केलं म्हणूनही नाही. बादली उचलली, गाडीवर बसली, नवऱ्याशी भांडली, असल्यानं गर्भ पडत नाही. किती बायांचं असं जातं तुम्हाला माहीत नाही, कारण कोणी सांगत नाही.

मी ढसाढसा रडले तेव्हा. तुम्ही नाही. तुम्ही परतीच्या रिक्षात बाहेर बघत बसलात. गाव जवळ आलं, आपली रोपवाटिका दिसली, तेव्हा एकदम म्हणालात, "एकच माटी, एकच पाणी, एकच हात. तरी बी ट्रेमा दोन-चार बी उगतस नही. मग आपण माटीले शिव्या देतस का?" मी तुमच्याकडे बघतच राहिले. त्या एका वाक्यावर मी उभी राहिले, आई. औषधांवर नाही. तुम्हाला हे कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं की नको?

पण कावीळ काही तुम्ही मागे घेतली नाहीत! गावभर झाली. शांताकाकू उसाचा रस घेऊन आल्या, कोणी मुळा आणला, कोणी फुटाणे. तेल बंद, तूप बंद, तिखट बंद, असं सगळ्यांनी मला येऊन बजावलं. आणि तुम्ही आत बाळंतिणीला देतात तसे डिंकाचे लाडू वळत होतात, तुपाचा वास बाहेर जाऊ नये म्हणून खिडकी लावून. लोकांसमोर मी फुटाणे चावायचे आणि आत आले की तुम्ही तोंडात लाडू कोंबायच्या. पाय चेपायच्या, पोटाला शेक द्यायच्या. सव्वा महिना मला विहिरीवर जाऊ दिलं नाहीत. मूल नव्हतं, तरी बाळंतपण केलंत माझं. हे कोणत्या सासूनं केलं असतं?

आणि तो कावीळ उतरवणारा भगत! शांताकाकूंनी ओढतच नेलं. त्यानं चुन्याच्या पाण्यात माझे हात धुतले आणि माय वं, पाणी पिवळं झालं! मला कावीळ नव्हती हो, तरी उतरली. घरी येऊन सांगितलं तर तुम्ही पदर तोंडात धरून इतक्या हसलात की बाबा विचारायला आले. हसता हसता एकदम थांबलात आणि स्वयंपाकघरात निघून गेलात. मला तेव्हा वाटलं, दूध उतू गेलं असेल.

आणि मिसरीचं आठवतं? डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, तंबाखू, मिसरी काही? मी खाली बघितलं. मिसरी तुमच्याच डबीतून लागली होती मला, लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात, दोघी ओट्यावर बसून दात घासत गप्पा मारायचो तेव्हा. त्या म्हणाल्या, यावेळचं त्यानंच गेलं असं मी म्हणत नाही, पण पुढच्या वेळी ते नको. तंबाखू गर्भाला वाईटच. फॉलिक ॲसिडच्या गोळ्या दिवस राहायच्या आधीपासून सुरू करा, रक्त वाढवा, आणि घाई करू नका, अंग आणि मन दोन्ही तयार झालं की बघा. तुम्ही घरी आलात आणि डबी उकिरड्यात पुरलीत. माझी नाही, तुमची. मी म्हटलं, "तुम्हाला काय करायचंय सोडून? तुम्हाला थोडंच मूल होणारे?" तर म्हणालात, "घरमा दिसनी का हात जाईच." महिनाभर तुम्ही सगळ्यांवर खेकसत होता. कोंबड्यासुद्धा अंगणात यायला घाबरायच्या. पण पुन्हा हात लावला नाहीत.

मग दुसऱ्यांदा गेलं. यावेळी लगेच दवाखान्यात गेलो, निस्तरायला काही राहिलं नाही. तुमच्या तोंडून पपई निघाली नाही. गावात सांगितलंत, "कावीळ उलटनी." डॉक्टरीणबाईंनी म्हटलं, दोनदा झालं ना, आता नीट तपासू. साखर, थायरॉईड, पिशवीची सोनोग्राफी, रवीचं आणि माझं रक्त. थायरॉईड निघालं. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी. त्या म्हणाल्या, याच्यामुळेच गेलं असं छातीठोक सांगता येत नाही, पण आता हे आपल्या हातात आहे, तर सोडायचं कशाला? दोनदा गेलेल्या कितीतरी बायांना पुढे नीट मूल होतं. तुम्ही रोज उठून आधी माझ्या गोळीचं बघायच्या, मग देवाचं.

रवी तेव्हा दोन दिवस शेतात ठिबकच्या नळ्या बदलत राहिला, चांगल्या नळ्या काढून नव्या घालत होता. तुम्ही मला म्हणालात, त्याला रडू येत नाही, त्याच्याजवळ जाऊन बस. मी गेले. मग आम्ही दोघं बांधावर बसून रडलो. हे तुम्हाला कसं सुचलं, असं मला वाटायचं.

आणि तेव्हाच तुम्ही ते बोललात, ज्यानं हा सगळा घोळ झाला. माझ्या डोक्याला तेल लावता लावता म्हणालात, "पुढला टाइमले माले बी नको सांगू, जयू. मन्हीच नजर लागनी व्हई." मी म्हटलं, "काहीही काय!" तुम्ही म्हणालात, "मन्ही शपथ शे तुले." तुमची शपथ घातलीत. आता सांगा, मोडायची तरी कशी?

म्हणून नाही सांगितलं. रवीबरोबर जाऊन सोनोग्राफी केली, पडद्यावर ठोके दिसले. इवलंसं काहीतरी लुकलुक करत होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ठोके दिसले ही चांगली खूण आहे, पण पुढचं पुढे. मला तिथून फोन करावासा वाटला तुम्हाला. केला नाही. मी ठरवलं होतं, तीन महिने झाले की ओट्यावर तुमच्या शेजारी बसायचं आणि काही न बोलता तुमचा हात पोटावर ठेवायचा. तुम्ही थांबला नाहीत. थोडंच राहिलं होतं हो. एवढी कसली घाई होती तुम्हाला?

घाटावरून आलो आणि बाया दारावर बसायला आल्या. आपल्याकडे असतं तसं, येणारी प्रत्येक जण दारातून गळा काढत येते, मग पाणी पिते, मग गप्पा सुरू होतात. तुमची नंदुरबारची बहीण, रुखमामावशी, माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसली होती. शांताकाकू मला कुरवाळत म्हणाल्या, "नातूनं तोंड देखाले भेटनं नही तिले, एवढंच ऱ्हायनं. काय करशी, सुननं अंगच कमजोर. दोनदा कावीळ."

आई, मला काय झालं कोण जाणे. शांताकाकूंवर राग नव्हता. त्यांनी बिचारीनं रस पाजला होता. पण सकाळपासून तो कावळा डोक्यात बसला होता. मी म्हटलं, "मला कावीळ झाली नव्हती, काकू. माझी दोन बाळं गेली. आणि आता तिसरं पोटात आहे. तीन महिने व्हायचेत अजून. आईंना सांगायचं राहून गेलं म्हणून तुम्हा सगळ्यांना सांगते."

ओसरीवरच्या सगळ्या बाया माझ्याकडे वळल्या. बाहेर बाबा माणसांत बसले होते, त्यांनीही इकडे बघितलं. मला वाटलं, आता कोणीतरी म्हणणार, असं बोलू नये, सुतकात बोलू नये, दृष्ट लागेल. मी भांडायला तयारच होते.

रुखमामावशीनं माझा हात धरला.  हळूच म्हणाली, "जयू, कावीळ तुन्ही सासूले, कमलले बी व्हयनी व्हती. दोनदा. रवीना आगोदर. मन्ही मायनी गावमा तसंच सांगेल व्हतं, कावीळ म्हणीसन."

आई!

मी दाराकडे बघितलं. बाबांनी मान खाली घातली होती ती वर केली नाही. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. मावशीला ठाऊक होतं. फक्त मला नव्हतं. पाच वर्षं आपण एका चुलीवर जेवलो, दोनदा तुम्ही माझं रक्ताचं सगळं धुतलंत, आणि एकदाही म्हणाला नाहीत, जयू, माझंही गेलं होतं. त्या पिकअपमध्ये तुम्ही ड्रायव्हरला थाप मारली असं मी समजत होते. तुम्ही तर तुमच्या आईनं शिकवलेलं म्हणून दाखवत होतात. पिवळ्या पाण्यावर हसता हसता स्वयंपाकघरात का गेलात, ते आता कळलं. दूध उतू गेलं नव्हतं. तुमचेही हात कोणीतरी धुतले असतील.

आणि पपई खाल्ली का, असं तुम्हालाही कोणीतरी विचारलं असेल. तेव्हा आपल्याकडे पपई नव्हती, दुसरं काहीतरी विचारलं असेल. तुम्ही काय उत्तर दिलंत? किती वर्षं स्वतःला शिव्या दिल्यात? तुम्हाला कोणी रिक्षात बसवून माती आणि बियांचं सांगितलं का? मला माहीत आहे, नाही सांगितलं. त्या दिवशी तुम्ही मला सांगत नव्हतात, स्वतःलाच सांगत होतात.

मला तुमचा राग येतोय, आई. खूप येतोय. आणि तुमच्या कुशीत शिरून तोच राग काढावासा वाटतोय. कोणाजवळ काढू?

मग ओसरीवर काय झालं, ते ऐका. शांताकाकू, ज्यांच्या तोंडाला गावात कोणी पुरत नाही, त्या डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "मन्हं बी एक गयं व्हतं. सातवामा. नाव बी ठेवं व्हतं मी." मग कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं, "मन्हं बी." आणि मग अजून एक. कोणी गळा काढला नाही. नुसत्या सांगत होत्या. तुमच्या दारावर बसायला आलेल्या बाया तुमच्यासाठी रडायचं विसरून आपापल्यासाठी रडल्या. तुम्ही असतात तर सगळ्यांना चहा ठेवला असता.

मीही मग माझ्या थायरॉईडच्या गोळीचं सांगून टाकलं. कोणी मला दृष्ट लागेल म्हणालं नाही. शांताकाकू जाताना दारातून एवढंच म्हणाल्या, "सकायली गोळी लेजो. आनि मिरचीजोडे नको बठू."

मिरच्या अजून ओट्यावर आहेत. अर्ध्या देठासकट, अर्ध्या तुम्ही मोडलेल्या. रवी म्हणाला, विकून टाकू. मी म्हटलं, राहू दे, रुखमामावशी मोडेल. ती थांबली आहे महिनाभर. खिडकी उघडी ठेवून लाडू वळते.

तुमची शपथ मी मोडली, आई, आणि तुमचा नियमही. तीन महिने व्हायच्या आत गावभर सांगून बसले. आता हे राहील की जाईल, कोणालाच सांगता येणार नाही, डॉक्टरीणबाईंनाही नाही. राहिलं तर तुमची दोन आणि माझी दोन कुठे गेली, ते त्याला सांगेन. आणि गेलंच, तर यावेळी या घरात कोणाला कावीळ होणार नाही.